डिस्क नवी टाकली तरी ब्रेक मारल्यावर गाडी थरथरते: मूळ कुठं शोधायचं

ब्रेक दाबला की मोटारसायकलचं हँडल हातात थरथरतं, लिव्हर बोटांना मागे ढकलत राहतो, वेग जास्त असेल तर पुढचं मडगार्डही खडखडतं. गाडी गॅरेजवर नेली की उत्तर ठरलेलं असतं: "डिस्क वाकली, बदलून टाका." डिस्क बदलतात, पैसे जातात, गाडी काही दिवस छान थांबते. मग सोयाबीन काढणीच्या वेळी टाकलेली डिस्क हरभरा निघेपर्यंत परत थरथरायला लागते. मालक म्हणतो पार्ट डुप्लिकेट निघाला, मिस्त्री म्हणतो तुम्ही ब्रेक जोरात मारता. दोघांच्या भांडणात खरं कारण चाकाजवळ तसंच राहतं.

हे परत परत का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढची तपासणी डोक्यात नीट बसेल. डिस्क फिरताना थोडी डावी-उजवीकडे डुलत असेल तर कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडनं पकडणारा भाग, आपल्या पिनांवर सरकून तेवढं सांभाळून घेतो. पण कॅलिपर सरकेनासा झाला की ब्रेक सोडलेला असतानाही डिस्कचा तोच एक भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला घासतो. शेकडो किलोमीटर असं घासून तो भाग बाकीच्या डिस्कपेक्षा किंचित पातळ होतो किंवा त्या जागी पॅडचा मसाला चिकटून थर बसतो. जाडीतला हा फरक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजण्याइतका असतो, डोळ्याला दिसत नाही. पण ब्रेक मारला की जाड भागावर पकड घट्ट, पातळ भागावर सैल, परत घट्ट, परत सैल. ही चढउतारच थरथर होऊन हातात येते. म्हणजे डिस्क सपाट असूनही थरथरू शकते, आणि नवी डिस्क त्याच जाम कॅलिपरमध्ये बसवली की तिचीही तीच गत होते. डिस्क बदलण्याच्या आधी कॅलिपर, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं) आणि हब (चाकाचा मधला भाग, ज्यावर डिस्क बसते) तपासून घ्यायला मी एवढ्या कळकळीनं सांगतो ते यासाठीच.

थरथर पुढची की मागची

मोकळा, सरळ, कोरडा रस्ता बघा. मागून कोणी येत नाही याची खात्री करा. चाळीसच्या वेगावर फक्त हातातला ब्रेक हळूहळू दाबा, नंतर फक्त पायातला. हँडलमध्ये आली तर पुढची, सीटखाली किंवा पायात आली तर मागची.

इथं एक फसगत आहे. १ एप्रिल २०१९ पासून बनणाऱ्या गाड्यांना १२५ सीसीपर्यंत सीबीएस (दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी सोय) किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि त्यावर एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसच्या मोटारसायकलीत पायातला ब्रेक दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. त्यामुळे दोष पुढच्या चाकात असूनही पाय दाबल्यावर थरथर जाणवते आणि मागचा ड्रम विनाकारण खोलला जातो. अशा गाडीत आधी हाताच्या ब्रेकनं खात्री करा. त्यात काहीच थरथर नसेल तरच मागे वळा.

थरथरीचा ताल वेगाबरोबर बदलतो का, तेही बघा. सतरा-अठरा इंची चाकाच्या एका फेऱ्यात गाडी साधारण १.९ मीटर पुढे जाते. म्हणजे चाळीसच्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे सहा वेळा फिरतं, वीसला तीन वेळा. वेग उतरत जाईल तशी थरथर संथ होत गेली तर दोष फिरणाऱ्या वस्तूत आहे: डिस्क, ड्रम, रीम, टायर. वेग कितीही असो, हँडल एकाच तालात हलत असेल तर सैलपणा शोधा: कोनसेट, शॉकअप, बेअरिंग. आणि ब्रेक न मारताही थरथर असेल तर ब्रेकला हात लावू नका, टायर आणि रीम बघा. खड्ड्यात आपटून अलॉयला आलेला बाक चाक उचलून फिरवलं की दिसतो.

एबीएसच्या गाडीत खडीवर किंवा चिखलात जोरात ब्रेक मारला की लिव्हर टकटक करतो, ते त्याचं कामच आहे. मात्र कोरड्या डांबरी रस्त्यावर, अगदी हळू थांबताना शेवटच्या टप्प्यात लिव्हर टकटकत असेल तर चाकाजवळची खाचांची रिंग बघा. तिच्या खाचांत चिखल वाळून बसला, रिंग वाकली किंवा सेन्सरचं अंतर हललं की एबीएसला चाक अडल्याचा भास होतो. ब्रशनं रिंग साफ करणं हा फुकटचा उपाय आहे आणि बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं.

आधी सैल काय आहे ते बघा

गाडी डबल स्टँडवर घ्या, मागून एकाला दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. शॉकअपचे खालचे दोन्ही पाय हातात धरून पुढे-मागे हलवा. टक् टक् जाणवलं तर कोनसेट सैल आहे. मग हँडल डावीकडून उजवीकडे हळू फिरवा. बरोबर मध्यावर येऊन ते खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर आतल्या गोळ्यांनी वाट्यांवर खड्डे पाडलेत. असा कोनसेट आवळून भागत नाही, बदलावाच लागतो. आपल्याकडं गावोगावी टाकलेले उंच गतिरोधक आणि उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते बघता कोनसेट लवकर जातो यात नवल नाही. सैल कोनसेट असताना चांगल्या डिस्कमधली बारीकशी चढउतारही हँडलपर्यंत मोठी होऊन पोचते.

त्याच स्थितीत चाक वरून-खालून धरून आडवं हलवा. चाळा जाणवला तर चाकाचं बेअरिंग गेलं. ॲक्सलचा नट आणि शॉकअपच्या पायाशी ॲक्सल आवळणारा बोल्ट असेल तर तो, दोन्ही बघा. पंक्चर काढताना घाईत चाक बसवलं की हा बोल्ट सैल राहतो, नाहीतर शॉकअपचा पाय ॲक्सलवर तिरका आवळला जातो आणि कॅलिपर डिस्कला सरळ बसत नाही. उपाय सोपा आहे: बोल्ट सैल करायचा, पुढचा ब्रेक दाबून शॉकअप दोन-चार वेळा खाली दाबायचे म्हणजे ते आपल्या जागी येतात, मग बोल्ट आवळायचा. पंक्चर काढल्यापासूनच थरथर सुरू झाली असेल तर पहिला संशय इथंच घ्या.

कॅलिपर: बहुतेक वेळा चोर इथंच सापडतो

चाक उचललेलं असतानाच हातानं फिरवा आणि कान लावा. एका फेऱ्यात एकदाच "घस्स" असा आवाज येत असेल तर डिस्क एका जागी पॅडला लागते आहे. सतत घासत असेल, दोन फेऱ्यांत चाक थांबत असेल, तर ब्रेक पूर्ण सुटतच नाही. दुसरी चाचणी रस्त्यावरची: पाच-सहा किलोमीटर ब्रेक शक्यतो न मारता चालवा, गिअर उतरवत थांबा आणि डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाका. थेंब चर्र करून उडाले तर ब्रेक न मारताही डिस्क तापते आहे. डिस्कला बोट लावून बघू नका, भाजतं.

आता पॅड काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. त्यांची झीज बरंच काही सांगते. पिस्टनकडचा पॅड जास्त झिजला असेल तर कॅलिपर पिनांवर सरकत नाही किंवा पिस्टन मागे जात नाही. एकच पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तर दोनांपैकी एक पिन जाम आहे. पॅडचा चेहरा काचेसारखा चमकत असेल तर तो जास्त तापून घट्ट झाला आहे. जाडी भरपूर असली तरी असा पॅड परत बसवू नये.

पिना का जाम होतात, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात पांदण रस्त्यानं शेतात गाडी जाते, काळी माती चाकात, मडगार्डात, कॅलिपरच्या सांदीत गच्च भरते. ओली असताना ही माती फुगते आणि चिकटते, वाळली की दगड होते. पिनांवरचा रबर बूट फाटलेला असेल तर मातीचं पाणी आत जातं, ग्रीस धुवून निघतं, पिनेवर गंज धरतो. त्याच गाडीवर युरियाचं पोतं नेलं जातं. खताचे दाणे ओल ओढतात आणि लोखंड खातात. उन्हाळ्यात वर फुफाटा. कॅलिपरच्या पिना वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, काढून साफ केल्याच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे, मग थरथर असो वा नसो.

काम असं. कॅलिपरचे बोल्ट काढून तो डिस्कवरून उतरवा. नळीला लोंबकळत ठेवू नका, तारेनं शॉकअपला बांधा. पिना ओढून काढा, कापडानं पुसा, गंज बारीक पॉलिश पेपरनं घालवा. पिनेवर खड्डे पडले असतील तर पिन नवी घ्या. बूट फाटका असेल तर तोही, त्याची किंमत डिस्कपुढं काहीच नाही. ग्रीस मात्र ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉनचंच लावा, तेही पातळ. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. दुरुस्ती होऊनही दोन-तीन महिन्यांत तक्रार परत येते त्यामागं हे साधं ग्रीस अनेकदा असतं. पॅडला दाबून धरणारी पातळ पत्र्याची स्प्रिंग आहे ना, ती बघा. कित्येक गाड्यांत कोणीतरी "याची गरज नाही" म्हणून ती काढून फेकलेली असते. ती नसली की पॅड आत खडखडतो.

पिस्टन तपासताना लिव्हर अगदी थोडा दाबून पिस्टन किंचित बाहेर आणा, कडेची घाण ब्रेक ऑईलनं भिजवलेल्या कापडानं पुसा आणि मग हाताच्या जोरानं मागे ढकला. घाणीसकट ढकलला तर सील फाटतं. हातानं अजिबात मागे जात नसेल तर ब्लीडिंग निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) थोडं सैल करा. निपल उघडल्यावर पिस्टन सहज मागे गेला तर कॅलिपर निर्दोष आहे. दाब वर अडकला आहे, म्हणजे मास्टर सिलिंडरमधलं (लिव्हरपाशी ऑईलचा दाब तयार करणारा भाग) परतीचं बारीक छिद्र बुजलंय किंवा नळी आतून फुगलीय. निपल उघडूनही पिस्टन अडकलेलाच असेल तर कॅलिपर खोलून सीलं बदलावी लागतील. या एका चाचणीनं अंदाजपंचे पार्ट बदलणं वाचतं. नंतर हवा काढून ब्रेक ऑईल भरायला विसरू नका, आणि ते टाकीच्या रंगावर सांडू देऊ नका, रंग उचलतं.

दोन वर्षांत एकदा ब्रेक ऑईल बदलावं. ते हवेतली ओल शोषतं, आणि त्या ओलीनं पिस्टनला आतून गंज चढतो. नवं डॉट ४ (ब्रेक ऑईलचा एक दर्जा) किमान २३० अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. मे महिन्यात जिथं सावलीतच पारा बेचाळीसच्या वर असतो, तिथं घाटात याचा फरक पडतो. बाटलीवर कोणतं डॉट हवं ते ऑईलच्या टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं.

आणि वॉशिंग सेंटरवर डिझेल मारून गाडी धुणं थांबवा. डिझेलचा फवारा डिस्कवर, पॅडवर, ड्रमच्या फटीत जातो. तेल प्यायलेला पॅड एका जागी घसरतो, दुसऱ्या जागी पकडतो. पॅडवर तेल मुरलं की घासून उपयोग नाही, जोडी बदलायची.

मग डिस्ककडे वळा

डिस्कची कमीत कमी जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. ती मोजायला व्हर्नियर चालत नाही, कारण डिस्कच्या कडेला न झिजलेली उंच धार असते आणि व्हर्नियरचा जबडा तिच्यावरच बसतो. मायक्रोमीटर हवा. त्यानं गोल फिरत आठ ठिकाणी माप घ्या. वाळूज, चिकलठाणा, जालना, लातूर कुठल्याही एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडं मायक्रोमीटर आणि डायल गेज (बारीक डुलणं काट्यावर दाखवणारं माप) असतो. चाक काढून त्याच्याकडं नेलं तर दहा मिनिटांचं काम आहे. कोणत्याही एका जागी कोरलेल्या आकड्यापेक्षा कमी भरली तर डिस्क बदला, त्यात तडजोड नाही.

डुलणं डायल गेजनं मोजता येतं. अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तकात त्याची मर्यादा ०.३ मिलिमीटर दिलेली असते, काहींत ती याहून बरीच कमी असते, तेव्हा आपल्या गाडीची मर्यादा बघूनच ठरवा. गेज नसेल तर शॉकअपला जाड तार घट्ट बांधून तिचं टोक डिस्कजवळ आणा, चाक हळू फिरवा आणि टॅपेट सेट करायच्या पत्त्यांनी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी फट मोजा. बारीक चढउतार यात कळत नाही, पण डिस्क खरंच वाकली आहे का, ते कळतं.

डुलते आहे असं दिसलं तरी लगेच नवी घेऊ नका. सगळ्यात बाहेर येणाऱ्या जागी मार्करनं खूण करा, डिस्क आणि हब दोन्हींवर. डिस्क काढा, बसायची जागा तारेच्या ब्रशनं घासून साफ करा आणि डिस्क एक भोक पुढं सरकवून बसवा. परत मोजा. डुलणारी जागा डिस्कवरच्या खुणेबरोबर सरकली तर डिस्क वाकडी. हबवरच्या खुणेपाशीच राहिली तर हब वाकडा किंवा त्यावर गंज, रंग, माती आहे, आणि कितीही डिस्क बदला, थरथर जाणार नाही. पुष्कळदा नुसतं घासून बसवल्यावरच डुलणं गायब होतं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. एकेक पूर्ण आवळत गेलं की डिस्क ताणाखाली तिरकी बसते.

जाडी ठीक, डुलणं ठीक, तरी थरथर असेल तर डिस्कवर पॅडचा मसाला चिकटला आहे. उन्हात तिरकी धरून बघा, काळपट-निळसर डाग किंवा पॅडच्याच आकाराचा ठसा दिसेल. १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून दोन्ही बाजू गोल गोल सारख्या घासा, ब्रेक क्लीनरनं पुसा. पॅडचा वरचा थरही असाच सपाट घासा. धूळ तोंडानं किंवा कॉम्प्रेसरनं उडवू नका, ओल्या कापडानं टिपा. ती फुप्फुसाला वाईट असते.

हातोडीनं डिस्क सरळ करून देणारे भेटतात. हे करू नका, आणि दुसऱ्याला करू देऊ नका.

ड्रम असेल तर

ड्रममध्ये दोष बहुतेक एकच: ड्रम गोल राहिलेला नाही. तारांच्या चाकात आरे कमी-जास्त आवळले की हब ओढला जातो आणि ड्रम अंडाकृती होतो. प्रत्येक तारेवर पान्यानं हलकं टिचकून बघा, आवाज साधारण सारखा यायला हवा. एखादी भद्द वाजली तर ती सैल आहे. चाक बांधणाऱ्याकडून आधी तारा सारख्या करून घ्या, ड्रम लेथवर नंतर. उलट क्रमानं केलं तर तारा ओढल्यावर ड्रम परत बिघडतो. लेथवर घेताना आतला व्यास ड्रमवर दिलेल्या मर्यादेच्या पुढं जाऊ देऊ नका. लायनर (ड्रमला आतून घासणारा भाग) चमकत असेल तर घासा, कॅम (लायनर फाकवणारा तुकडा) सुकला असेल तर काढून साफ करून अगदी थोडं ग्रीस लावा, लायनरला लागू न देता. आणि मागच्या ब्रेकची प्लेट धरून ठेवणारा टॉर्क रॉड हलवून बघा. त्याचा बोल्ट सैल असला तर ब्रेक मारल्यावर सीटखाली धडधडतं, आणि तो निघालाच तर प्लेट फिरून चाक जागेवर अडतं. त्यात पिन आहे का, ते आजच बघा.

बसवल्यानंतर

चाक लावलं, पॅड बसवले की गाडी हलवण्याआधी लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दोन-तीन दाबांना ब्रेक लागतच नाही. गॅरेजच्या दारातच गाडी पुढच्याला धडकते ती यानंच.

नवे किंवा घासलेले पॅड डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. सकाळी रिकाम्या रस्त्यावर पन्नासवरून दहापर्यंत मध्यम जोरानं वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, थोडं अंतर वाऱ्यावर चालवून डिस्क निववा, मग परत. असं आठ-दहा वेळा. यानं मसाल्याचा पातळ, सारखा थर डिस्कभर पसरतो. हे न करता पहिल्याच दिवशी जोरात ब्रेक मारला की थर एका जागी चिकटतो.

घाट उतरतानाही हेच लक्षात ठेवा. कन्नडचा घाट असो, मांजरसुंब्याचा असो की खुलताबादहून वेरूळकडं उतरणारा रस्ता, गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा आणि ब्रेक सतत घासत ठेवण्याऐवजी दाबा-सोडा, दाबा-सोडा. खाली आल्यावर हॉटेलपाशी उतारावर ब्रेक दाबून उभं राहू नका. तापलेला पॅड डिस्कवर त्याच जागी ठसा सोडतो. गाडी गिअरमध्ये टाकून स्टँडवर लावा, नाहीतर चाकाला दगड लावा.

पाचशे किलोमीटरनंतर चाक पुन्हा उचलून फिरवा आणि पाण्याच्या थेंबांची चाचणी पुन्हा करा. चाक मोकळं फिरलं आणि डिस्क थंड निघाली तर काम झालं. गरम निघाली तर डिस्कचा विषय बाजूला ठेवा आणि पुन्हा पिनांपासून सुरुवात करा.